प्रोसेसर शिकवताना हाती लागलेलं

तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलामुलींना मायक्रोप्रोसेसर शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अभ्यासक्रम बदलले, किट बदलली, ओरलला येणारे परीक्षक बदलले. प्रश्न मात्र दरवर्षी तोच येतो: मॅडम, ही चिप आत नेमकं करते तरी काय? पुस्तकातली आकृती पाठ करून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ते मिळवण्याचे काही मार्ग शिकवता शिकवता सापडले. ज्यांना प्रोसेसर समजून घ्यायचा आहे आणि ज्यांना तो दुसऱ्याला समजावून सांगायचा आहे, अशा दोघांसाठी ते इथे लिहिते आहे.

१. सुरुवात जुन्या चिपपासून करावी

मुलांना आजच्या लॅपटॉपमधला प्रोसेसर शिकायचा असतो. मी त्यांच्या हातात ८०८५ देते. इंटेलने १९७६ मध्ये आणलेली ही चिप. ४० पाय, ५ व्होल्टचा पुरवठा, आणि आत सुमारे ६,५०० ट्रान्झिस्टर. आजच्या चिपमध्ये ते अब्जांनी मोजतात. ६,५०० ट्रान्झिस्टरांचा कारभार एका माणसाच्या डोक्यात पुरता मावतो. अब्जांचा मावत नाही, अगदी ती चिप घडवणाऱ्यांपैकी कुणा एकाच्याही नाही.

८०८५ मध्ये काय काय आहे ते एका दमात सांगता येतं. आकडे धरून ठेवणारी रजिस्टरं सात: ए, बी, सी, डी, ई, एच, एल. त्यांतलं ए म्हणजे ॲक्युम्युलेटर. बहुतेक हिशेब त्याच्यावरच होतात. पुढची आज्ञा मेमरीच्या कुठल्या घरात आहे ते सांगणारा प्रोग्राम काउंटर. परतीच्या वाटेचे पत्ते सांभाळणारा स्टॅक पॉइंटर. हिशेब करणारं एएलयू, आज्ञेचा अर्थ लावणारा डीकोडर, आणि सगळ्यांना वेळेवर हलवणारं नियंत्रण. मेमरीची घरं जास्तीत जास्त ६५,५३६. आजच्या चिपमध्ये या प्रत्येक भागाचे अनेक आणि मोठे वंशज बसलेले आहेत, पण ओळखीचा चेहरा हाच.

जुनी चिप म्हणजे निकामी चिप असं कुणी समजू नये. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीचा मेंदू याच घराण्यातला ८०सी८५ होता. हे सांगितलं की मागच्या बाकांवरच्या माना वर होतात.

२. एकदा तरी स्वतः प्रोसेसर व्हावं

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला धडा हाच, म्हणून इथे जरा थांबते.

पाच आणि सात यांची बेरीज करून उत्तर मेमरीत ठेवणारा प्रोग्राम ८०८५ साठी असा लिहितात: ३ई, ०५, ०६, ०७, ८०, ३२, ५०, २०, ७६. नऊ आकडे, नऊ घरं. पत्ते २००० पासून २००८ पर्यंत. हे आकडे सोळाच्या पायावरचे आहेत, म्हणजे नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ येतात आणि मग १०.

मी वर्गात चार जणांना पुढे बोलावते. एक प्रोग्राम काउंटर, त्याच्या हातात पाटी. दुसरी मेमरी, तिच्याकडे नऊ आकड्यांचा कागद. तिसरा डीकोडर, त्याच्याजवळ फक्त कोडचा तक्ता. चौथी ए आणि बी ही दोन रजिस्टरं सांभाळते आणि सांगितली तर बेरीज करते. नियम एकच: आपल्याला जे ऐकू आलं त्यावरच वागायचं, पुढे काय येणार याचा विचार करायचा नाही.

काउंटर म्हणतो, "दोन हजार." मेमरी वाचते, "तीन ई." काउंटर लगेच पाटीवर एक मिळवतो. डीकोडर तक्त्यात बघतो: पुढचा आकडा ए मध्ये भरा. काउंटर म्हणतो, "दोन हजार एक." मेमरी वाचते, "शून्य पाच." ए मध्ये पाच लिहिलं जातं. काउंटर पुन्हा एक मिळवतो. मग ०६, म्हणजे पुढचा आकडा बी मध्ये भरा, आणि त्यामागून ०७. मग ८०. तक्ता सांगतो, बी ला ए मध्ये मिळवा. या आज्ञेला पुढचा आकडा लागतच नाही, कारण लागणारं सगळं आधीच चिपच्या आत आलेलं आहे. त्यानंतर ३२: ए मध्ये जे आहे ते अमुक पत्त्यावर ठेवा. पत्ता पुढच्या दोन घरांत आहे, आणि तो उलटा लिहिलाय, आधी ५०, मग २०. ८०८५ मध्ये पत्त्याचा खालचा अर्धा भाग आधी येतो. दरवर्षी इथे एक तरी मूल पत्ता ५०२० असा वाचतं आणि बाकीची त्याला सुधारतात. शेवटी ७६. थांबा.

उत्तर ०सी. बारा यायला हवं होतं, असं कुणीतरी म्हणतं, आणि मग सोळाच्या पायावर सी म्हणजेच बारा हे सगळ्यांच्या मनात कायमचं बसतं.

हा खेळ संपला की मी एक प्रश्न विचारते: चौघांपैकी कोणाला माहीत होतं की आपण बेरीज करतो आहोत? कोणालाच नाही. काउंटरला फक्त एक मिळवणं ठाऊक. मेमरीला विचारलं तेवढं वाचणं. डीकोडरने तक्ता पाहिला. "बेरीज करायची आहे" हा हेतू फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यात होता. आणायचं, अर्थ लावायचा, अमलात आणायचं आणि पुन्हा आणायचं, हे चक्र थांबण्याची आज्ञा येईपर्यंत किंवा वीज जाईपर्यंत चालतं. संगणकाविषयी जे जे गूढ वाटतं ते या चक्राजवळ येऊन उलगडायला लागतं, असा माझा अनुभव आहे.

वर्गाला या नऊ आकड्यांसाठी तासाचा मोठा भाग लागतो. आमच्या किटवरचा ८०८५ तेच काम १२ मायक्रोसेकंदांच्या आत उरकतो.

३. चिपला आज्ञा आणि आकडा यांत फरक दिसत नाही

वरच्या प्रोग्राममध्ये ०५ हा आकडा होता. पण तक्त्यात ०५ ला स्वतःचा अर्थही आहे: बी मधून एक वजा करा. एका विद्यार्थ्याने प्रॅक्टिकलला प्रोग्राम २००० ऐवजी २००१ पासून चालवला. प्रोसेसरने तक्रार केली नाही. त्याने ०५ ही आज्ञा समजून बी मधून एक वजा केला, मग बी मध्ये सात भरले, ते ए मध्ये मिळवले, उत्तर २०५० वर ठेवलं आणि थांबला. ए मध्ये आधीपासून जे काही पडलेलं होतं त्यात सात मिळून आले. मुलगा गोंधळला, कारण कोड तपासला तर एकही आकडा चुकलेला नव्हता. मी त्याला सांगितलं, हे जर्नलमध्ये लिही, पुस्तकात मिळणार नाही असं निरीक्षण आहे.

आज्ञा आणि माहिती एकाच मेमरीत, एकाच रूपात ठेवायची, ही कल्पना १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांच्या नावाने निघालेल्या एडव्हॅक यंत्राच्या आराखड्यात मांडलेली आहे. त्याच्या मागे बरीच मंडळी होती, पण नाव त्यांचं राहिलं. त्याआधीच्या एनिॲकवर नवं काम लावायचं म्हणजे तारा उपसून पुन्हा खोचायच्या आणि स्विच फिरवायचे; त्यात दिवस जात. आज्ञाही आकडेच आहेत असं ठरल्यावर नवं काम म्हणजे मेमरीत नवे आकडे, एवढंच उरलं. फोनवर आपण ॲप उतरवतो ते या कल्पनेच्या बळावर.

तिची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. माहिती म्हणून आत शिरलेले आकडे प्रोसेसरकडून आज्ञा म्हणून चालवून घ्यायचे, हा संगणकावर हल्ला करण्याचा जुना आणि अजूनही जिवंत प्रकार आहे. म्हणून आजचे प्रोसेसर मेमरीच्या काही भागांवर "इथलं चालवायचं नाही" अशी खूण ठेवतात.

४. रिसेटचं बटण दाबून विचारावं: आता पहिली आज्ञा कुठून?

८०८५ मध्ये रिसेट झाला की प्रोग्राम काउंटर शून्य होतो. म्हणून किटमध्ये शून्य पत्त्यापासून ईप्रॉम असतो, त्यात कारखान्यातून भरलेला मॉनिटर प्रोग्राम. तोच आपल्याला कळफलक वापरू देतो. वीज आल्याक्षणी चिपला काहीही ठाऊक नसतं, फक्त एक ठरलेला पत्ता असतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरलाही असाच एक पत्ता जन्मतः दिलेला असतो.

५. सगळा हिशेब शेवटी स्विचांचा

एएलयूची चौकट फळ्यावर काढून पुढे जाणं सोपं असतं. तसं करू नये. त्या चौकटीत शिरावं.

एक-एक बिटाची बेरीज घ्या. शून्य आणि शून्य, शून्य. एक आणि शून्य, एक. एक आणि एक, तर खाली शून्य आणि हातचा एक. खालचं बिट ट्रान्झिस्टरांच्या स्विचांतून बनलेलं एक्सॉर गेट देतं, हातचा तसंच बनलेलं अँड गेट देतं. झालं. आधीचा हातचा मिळवायची सोय केली की फुल ॲडर तयार होतो, आणि असे आठ शेजारी शेजारी लावले की आठ बिटांची बेरीज. स्विचांच्या जोडणीतून तर्काची गणितं सोडवता येतात हे क्लॉड शॅनन यांनी एमआयटीतल्या १९३७ च्या प्रबंधात दाखवलं, तेव्हा ते वयाच्या विशीत होते. हे वय मी मुद्दाम सांगते. समोर बसलेलीही त्याच वयाची असतात.

वजाबाकीला वेगळं यंत्र लागत नाही, याचं मुलांना सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. सातातून पाच वजा करायचे तर पाचची सगळी बिटं उलटी करा, एक मिळवा. एफबी येतं. ते सातात मिळवा. उत्तर १०२. आठ बिटांत न मावणारा डावीकडचा एक बाजूला पडतो, उरतात दोन. हे मी कधीच तोंडी सांगून सोडत नाही. प्रत्येकाने वहीत बिटं मांडून, हातचे धरत धरत, स्वतः करायचं.

आणि हातच्याबद्दल अजून एक. तो उजवीकडून डावीकडे सरकत जातो, आणि सरकायला वेळ लागतो. ६४ बिटांच्या बेरजेत शेवटच्या बिटाने पहिल्या बिटाची वाट पाहत बसावं, हे परवडत नाही. म्हणून हातचा येणार की नाही हे आधीच काढणारं वेगळं सर्किट जोडतात. हातच्याची ही अडचण चार्ल्स बॅबेज यांनाही छळत होती, आणि विजेच्या आधीच्या त्या काळात, दातेरी चाकांच्या यंत्रासाठी, त्यांनी हातचा आगाऊ ओळखण्याची युक्ती योजली होती. वेगाची तहान ट्रान्झिस्टरपेक्षा जुनी आहे.

६. यंत्राचा निर्णय म्हणजे एक बिट

"संगणक निर्णय घेतो" असं म्हटलं जातं, तेव्हा ८०८५ मध्ये काय घडतं? हिशेब झाला की फ्लॅग नावाची पाच बिटं त्याचा निकाल सांगतात: उत्तर शून्य आलं का, चिन्ह काय, हातचा आला का, खालच्या चार बिटांतून हातचा आला का, एकांची संख्या सम आहे का. मग जेएनझेड ही आज्ञा येते. ती शून्याचा फ्लॅग बघते. उत्तर शून्य नसेल तर प्रोग्राम काउंटरमध्ये नवा पत्ता भरते. शून्य असेल तर काउंटर आपल्या वाटेने पुढे. निर्णय म्हणतात तो एवढाच. एका बिटावरून एका रजिस्टरमध्ये नवा आकडा पडला किंवा पडला नाही. हजारो जर-तर असलेला प्रोग्राम म्हणजे हीच कृती हजारो वेळा.

इथला एक खाचखळगा मुलांना ठेच लागण्याआधी दाखवावा. मेमरीतून ए मध्ये आकडा आणला आणि तो शून्य असला, तरी फ्लॅग बदलत नाही. नुसतं हलवणं म्हणजे हिशेब नव्हे. आधी ए ला स्वतःशीच ऑर करावं लागतं, मग फ्लॅग खरं बोलतो. ओरलमध्ये याच प्रश्नावर ओळखू येतं की कोण पाठ करून आलंय आणि कोण करून.

७. घड्याळ डोळ्यांनी पाहावं

आमच्या किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा स्फटिक असतो. चिप त्याची वारंवारता निम्मी करते, आणि ३.०७२ मेगाहर्ट्झचा ठोका ३७ व्या पायावर बाहेर येतो. एक ठोका सुमारे ३२५ नॅनोसेकंदांचा. पुस्तकात याला टी-स्टेट म्हणतात आणि प्रत्येक आज्ञेपुढे तिचे टी-स्टेट छापलेले असतात. मुलं ते पाठ करतात. पाठ करण्याऐवजी एक प्रयोग करावा.

२००० वर तीनच आकडे भरायचे: सी३, ००, २०. म्हणजे २००० वर उडी मार. प्रोसेसर स्वतःच्याच शेपटीमागे फिरत राहतो. आता सीआरओचा, म्हणजे ऑसिलोस्कोपचा, प्रोब ३० व्या पायावर लावा. हा एएलई, मेमरीशी नवा व्यवहार सुरू झाला की तो एकदा उंचावतो. चित्र स्थिर करायला होल्डऑफचं बटण जरा फिरवावं लागतं. ते स्थिर झालं की पडद्यावर स्पंदनं दिसतात, पण सारख्या अंतरावर नाहीत: एक मोठं अंतर, दोन लहान, पुन्हा एक मोठं, दोन लहान. मोठं अंतर चार ठोक्यांचं, कारण आज्ञा आणून तिचा अर्थही लावायचा असतो. लहान अंतरं तीन-तीन ठोक्यांची, कारण पत्त्याचे दोन तुकडे नुसते वाचायचे असतात. चार, तीन, तीन. एकूण दहा. पुस्तकात जेएमपी समोर छापलेला दहा हा आकडा काचेवर हलताना दिसतो.

हा प्रयोग मी ज्या ज्या वर्गाला दाखवला त्यांना पुढे टायमिंग डायग्राम घोकावा लागला नाही.

एएलई मुळात का लागतो, तेही याच वेळी सांगून टाकावं. चिपला पाय ४०. पत्त्याला १६ तारा हव्यात, माहितीला ८. पाय पुरेनात, म्हणून आठ पायांना दोन्ही कामं दिली: आधी पत्त्याचा खालचा भाग, मग त्याच तारांवरून माहिती. आता तारांवर पत्ता आहे, तो पकडून ठेवा, असं बाहेरच्या ७४३७३ या लॅचला सांगायला एएलई. चिपच्या रचनेतली अशी प्रत्येक विचित्र गोष्ट कुठल्या ना कुठल्या टंचाईतून आलेली असते. टंचाई शोधली की रचना लक्षात राहते.

८. वेग नुसत्या मेगाहर्ट्झवर मोजू नये

मुलाला कुठला लॅपटॉप घेऊ, हे विचारायला पालक येतात आणि गिगाहर्ट्झच्या आकड्यावर बोट ठेवतात. तेव्हा मी त्यांना पंगतीची आठवण करून देते. एकाच वाढप्याने मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी, भात, वरण, तूप असं सगळं एका पानावर वाढून मग पुढच्या पानाकडे जायचं ठरवलं, तर पंगत ताटकळेल. म्हणून एकेक पदार्थ घेऊन वाढपी एकामागून एक निघतात. एका पानाला लागणारा वेळ कमी होत नाही, पण पहिलं पान पुरं झालं की पाठोपाठ एकेक पान पुरं होत जातं. प्रोसेसरमधली पाइपलाइन हीच. एक आज्ञा अमलात येत असताना दुसरीचा अर्थ लावला जातो आणि तिसरी आणली जात असते.

इंटेलच्या १९९३ च्या पेंटियममध्ये अशा दोन पाइपलाइन शेजारी शेजारी होत्या, प्रत्येकी पाच टप्प्यांच्या. एका ठोक्यात दोन आज्ञा पुऱ्या होऊ शकत. त्या चिपमध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांचं नाव तिच्या घडणीशी कायमचं जोडलं गेलं आहे, आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलांना हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

ठोक्याच्या वेगाचा इतिहास दोन आकड्यांत सांगता येतो. इंटेलचा १९७१ चा ४००४ हा प्रोसेसर ७४० किलोहर्ट्झवर चालायचा. २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला. तेहेतीस वर्षांत सुमारे पाच हजार पट. त्यानंतरच्या वीस वर्षांत दुप्पटही नाही. ट्रान्झिस्टर बारीक होत गेले तरी त्यांचं व्होल्टेज त्या प्रमाणात उतरेनासं झालं आणि उष्णता बाहेर काढणं अशक्य होत गेलं. तेव्हापासून वेग वाढवण्याऐवजी एका चिपवर अनेक प्रोसेसर बसवायला सुरुवात झाली. खोक्यावर "आठ कोअर" लिहिलेलं असतं त्यामागे उष्णतेची ही भिंत आहे.

९. प्रोसेसर पुष्कळदा मेमरीसाठी खोळंबलेला असतो

८०८५ च्या काळात मेमरी आणि प्रोसेसर जवळपास एका चालीने चालत. मेमरी मंद असलीच तर ३५ व्या पायावर रेडीची सोय होती, एखाद-दुसरा ठोका थांबायची. आज ३ गिगाहर्ट्झच्या चिपचा एक ठोका म्हणजे नॅनोसेकंदाचा तिसरा हिस्सा. तेवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटिमीटर जातो. मुख्य मेमरीतून आकडा यायला मात्र ८० ते १०० नॅनोसेकंद लागू शकतात. म्हणजे अडीचशे-तीनशे ठोके. एवढ्यात शेकडो बेरजा झाल्या असत्या.

म्हणून चिपच्या आत कॅशे नावाची छोटी, वेगवान मेमरी असते. सगळ्यात जवळची बहुतेक संगणकांत ३२ किंवा ४८ किलोबाइटची. ८०८५ ची सगळी मेमरी ६४ किलोबाइटची होती, तिच्याहूनही लहान. पण तिच्यातला आकडा चार-पाच ठोक्यांत मिळतो.

हे नुसतं ऐकवू नये, करवून घ्यावं. सी भाषेत दहा हजार ओळी आणि दहा हजार स्तंभांचं कोष्टक घ्यायला सांगते. सगळ्या आकड्यांची बेरीज एकदा ओळीओळीने करायची, एकदा स्तंभास्तंभाने. दोन्हीकडे बेरजा दहा कोटीच, उत्तर तेच. स्तंभांच्या वाटेने मात्र कित्येक पट वेळ लागतो. प्रोसेसर मेमरीतून एकटा आकडा आणत नाही, शेजारच्यांसकट सलग ६४ बाइट उचलतो. ओळीने गेलं तर चार बाइटांचे सोळा आकडे एका खेपेत कामी येतात. स्तंभाने गेलं तर एकच वापरला जातो, आणि बाकीचे पंधरा त्यांची पाळी येण्याआधीच हाकलले जातात. जिने फक्त दोन लूपची अदलाबदल केली आणि प्रोग्राम धावायला लागला, तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो.

१०. चिपवरही विश्वास तपासून ठेवावा

पाइपलाइन भरलेली ठेवायची तर जर-तर आल्यावर थांबून चालत नाही. आजचा प्रोसेसर कोणत्या वाटेने जावं लागेल याचा अंदाज बांधतो आणि निकाल येण्याआधीच त्या वाटेवर काम सुरू करतो. मागच्या वेळी काय झालं याची नोंद तो ठेवतो, आणि लूपसारख्या ठिकाणी त्याचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. चुकला तर केलेलं काम टाकून मागे येतो. टाकलेल्या कामाची काहीच खूण राहत नाही, असं कितीतरी वर्षं धरून चाललेलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या त्रुटी जाहीर झाल्या, आणि कळलं की खूण राहते. कॅशेमध्ये काय येऊन गेलं ते वेळ मोजून ओळखता येतं, आणि त्यातून दुसऱ्याचं गुपितही. जगातल्या बहुतेक लॅपटॉप, सर्व्हर आणि फोनच्या चिपा या ना त्या प्रमाणात त्यात सापडल्या.

त्याआधीचा किस्सा पेंटियमचा. १९९४ मध्ये अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते, आणि उत्तर जुळेना. आपला प्रोग्राम, मदरबोर्ड, सगळं एकेक करून वगळत ते प्रोसेसरपर्यंत पोचले. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या कोष्टकातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की १.३३३८ यायला हवं, ती चिप १.३३३७ देई. इंटेलने चिपा बदलून द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले. मला यात मोह पडतो तो नाइसलींच्या चिकाटीचा. इतका बारीक फरकही दुर्लक्ष करण्याजोगा त्यांना वाटला नाही. जर्नलमध्ये "साधारण बरोबर" असं लिहून आणणाऱ्यांना मी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते.

११. जमलं तर एक प्रोसेसर स्वतः बांधावा

पूर्वी हे स्वप्न होतं, आता प्रोजेक्ट होऊ शकतं. रिस्क-फाइव्ह नावाचा आज्ञांचा संच २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात सुरू झाला आणि तो सर्वांना मोकळा आहे, परवान्याचे पैसे नाहीत. त्याच्या पायाभूत आज्ञा जेमतेम चाळीस. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसर याच संचावर उभा आहे. म्हणजे तक्ता जगासमोर आहे; त्या तक्त्याप्रमाणे वागणारं सर्किट कसं बांधायचं ते प्रत्येकाने आपापलं ठरवायचं.

माझा सल्ला असा की पहिल्याच वेळी चाळीसच्या चाळीस आज्ञांच्या मागे लागू नये. बेरीज, वाचणं, ठेवणं, एक सशर्त उडी आणि थांबणं, एवढ्या पाचांवर सुरुवात करावी. पाइपलाइन तर नकोच. आधी एक आज्ञा पुरती संपू द्यावी, मग दुसरी आणावी. आधी कागदावर प्रत्येक आज्ञेसाठी कुठली तार कधी उंच आणि कधी खाली याचा तक्ता करावा, मग व्हेरिलॉग या सर्किटवर्णनाच्या भाषेत लिहायला बसावं. जी मुलं कागदाची पायरी गाळतात ती उडीच्या आज्ञेपाशी अडकतात, कारण तिथे काउंटरमध्ये एक मिळवणं आणि नवा पत्ता भरणं या दोन गोष्टी एकाच ठोक्यावर भांडतात, आणि कोणाला पुढे जाऊ द्यायचं हे आधी ठरवलेलं नसतं.

हवं ते सर्किट भरता येणाऱ्या एफपीजीए चिपचा बोर्ड कॉलेजात नसला तरी अडत नाही, आपला प्रोसेसर संगणकावरच चालवून पाहता येतो. इकारस व्हेरिलॉग आणि जीटीकेवेव्ह ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतात. सीआरओवर एका वेळी दोन-तीन तारा दिसतात. जीटीकेवेव्हमध्ये आपल्या प्रोसेसरच्या आतली हवी ती तार, हव्या त्या ठोक्याला थांबवून पाहता येते: काउंटर, ए, झिरो फ्लॅग, सगळं एकाखाली एक. दिवाळीच्या सुट्टीत दोघा-तिघांनी मिळून बसलं तर पाच आज्ञांचा प्रोसेसर उभा राहतो.